बैलानं मारलं

पौष शुद्ध चतुर्थी, फसली १३५५
मुक्काम नांदेड, सरकारी दवाखाना

तोंड बंद झालं म्हणून ही वही उघडली. माझे हातवारे बघून तारामती दमली आणि तिला ते कळत नाहीत म्हणून माझा पारा चढला. शेवटी तिनं बाजारातून वही आणली आणि म्हणाली, "जे काय बडबडायचं ते हितं बडबडा, माझं डोकं खाऊ नका." बायको असावी तर अशी. वही वाचायची नाही, असं मी तिला पहिल्याच पानावर लिहून दाखवलं. ती म्हणाली, "मला काय पडलंय!"

मी विरूपाक्ष. लातूरच्या गंजात, मालाच्या बाजारात, दलाली करतो. शेंगांच्या ढिगावर उभा राहून भाव पुकारतो. या टोकाला पुकारलं की त्या टोकाच्या गाडीवानाला ऐकू जातं, हे मी नाही सांगत, लोक सांगतात. त्याच तोंडातले वरचे दात आज डॉक्टर अवधूतरावांनी खालच्या दातांना तारेनं आवळून बांधले. जबडा दोन ठिकाणी मोडलाय, डावीकडे कानाखाली आणि उजवीकडे सुळ्याजवळ. दीड महिना तोंड उघडायचं नाही. ही विद्या डॉक्टर ब्रह्मदेशच्या लढाईत सोल्जरांचे जबडे बांधून शिकून आले. लातूरच्या वैदूनं नुसतं फडकं बांधलं होतं, तेव्हा हाड कसं करकरायचं ते आठवूनही अंगावर काटा येतो.

बांधून झाल्यावर डॉक्टरांनी रजिस्टर उघडलं. "कशानं मोडलं?" मी त्यांनीच दिलेल्या पाटीवर लिहिलं, 'बैलानं मारलं.' त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि तसंच लिहून घेतलं.

इथे मात्र खरं लिहितो. बैलाचं नाव गुरुपादप्पा. दोन पायांचा आहे, तालमीत जातो आणि आमच्या गंजातले थोर आडते सिद्रामप्पा यांचा सख्खा भाचा आहे. भर दुपारी, काट्याच्या मागं, समोर उभं राहून त्यानं ठोसा घातला. मी खाली पडलो तर सिद्रामप्पाच धावत आले, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि चारचौघांत ओरडले, "बैलानं मारलं हो बिचाऱ्याला!" माझ्या तोंडात रक्त आणि दात. बोलणार काय? दिवस मावळेपर्यंत सगळ्या लातुरात बैल फिरला.

माझा गुन्हा एवढाच की मी भाव मोठ्यानं पुकारतो. गंजात पूर्वापार रीत रुमालाची. माल घेणारा आडत्या आणि दलाल रुमालाखाली हात घालतात, बोटं दाबून भाव ठरवतात आणि ज्याचा माल तो कुणबी बाजूला टकमक बघत उभा. रुमालाखाली काय ठरलं आणि त्याला काय सांगितलं, यातलं अंतर त्याला कधी कळत नाही. मीही त्याच रुमालाखाली वाढलो, सिद्रामप्पांच्याच पेढीवर. मग एके दिवशी कंटाळा आला. स्वतःची दलाली मांडली आणि ढिगावर चढून पुकारायला लागलो. कुणबी माझ्याकडे यायला लागले. बास, यात चोरी कुठे आहे?

पौष शुद्ध षष्ठी

खाणं म्हणजे पिणं. पडलेल्या दाढेची जागा मोकळी आहे, तिथून तारामती नळीनं पेज घालते. ताक, दूध, वरणाचं पाणी. कालपासून भाकरीच्या वासानं जीव कासावीस होतो.

डॉक्टरांनी एक छोटी कात्री दिली आहे, तारा तोडायची. ओकारी आली तर क्षणाचाही विचार न करता तारा तोडायच्या, नाहीतर गुदमरून मरायचा. म्हणून ती सतत जवळ हवी. तारामतीनं तिला दोरी ओवून माझ्या गळ्यात घातली. आता गळ्यात एक इष्टलिंग आणि एक कात्री. मात्र ओकारीशिवाय ती चालवली तर हाड सरकणार आणि आवाज कायमचा गेला समजायचं, असं डॉक्टरांनी बोट नाचवून बजावलं.

इथे मोडलेली तोंडं माझ्या एकट्याची नाहीत. शेजारच्या कॉटवर शेषेराव म्हणून धर्माबादचा इंजिनवाला आहे. इंजिन सुरू करताना हँडल उलटं फिरलं आणि हनुवटीवर बसलं. पलीकडचा गवंडी बांधकामाच्या परांचीवरून तोंडावर आपटला. व्हरांड्यात विठाबाई नावाची बाई बसते, जिनिंगात सरकी वेचते. तिचा डावा गाल आत गेलाय आणि डोळा लालभडक. तिला डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी तिथेच होतो. ती म्हणाली, "बैलानं मारलं." मी तारामतीला पाटीवर लिहून दाखवलं, 'जिनिंगात बैल कुठून आला?' तारामतीनं वाचलं, पुसलं आणि विठाबाईशेजारी जाऊन बसली. बायकांना ओळखी काढायला वेळ लागत नाही.

पौष शुद्ध अष्टमी

आज डॉक्टरांनी माझी चांगलीच काढली. सकाळी फेरीला आले, माझा जबडा चाचपला आणि म्हणाले, "विरूपाक्षप्पा, बैलाचं शिंग खालून वर फाडत जातं. माणूस पडला तर हनुवटीवर पडतो आणि दोन्ही कानांपुढची हाडं जातात, या गवंड्यासारखी. हँडल बसलं तर हनुवटीच फुटते, या शेषेरावासारखी. पण डावीकडे कानाखाली एक आणि उजवीकडे पुढं एक, हे मुठीचं काम. मारणारा समोर उभा असतो. तुमचा बैल उजव्या हाताचा दिसतो."

सगळा वॉर्ड हसला. शेषेरावाला हसताना कळ आली, तो विव्हळून पुन्हा हसला. मीही दातांतून फुसफुसलो.

मग डॉक्टर हसायचे थांबले. "माझ्या रजिस्टरात निम्मे बैल आहेत. जिनिंगातले, गिरणीतले, खडी फोडणारे, ज्यांच्या दारात कोंबडी नाही त्यांनाही बैलच मारतो. एवढे बैल मारके झाले तर शेती कशी व्हायची? हाड मोडलं की कायद्यात जरर-ए-शदीद होतं, जबर दुखापत. मारणाऱ्याला कैद होते. पण अदालतीत बैलाला उभं करत नाहीत."

मी पाटी उचलली नाही. का उचलली नाही, ते इथे लिहितो, कारण इथे लाज नाही. सिद्रामप्पांचं मीठ खाल्लंय आणि आमचा मठ एक, हे एक कारण. आणि दुसरं, खरं कारण असं की गंजातला वाघ म्हणवून घेणारा मी, एका पोराच्या एका ठोशात आडवा झालो, हे लोकांना कळू नये. बैल म्हटलं की निदान अब्रू राहते. दुपारी विठाबाई माझ्याकडे बघत होती. मी भिंतीकडे तोंड केलं.

संक्रांत, लातूर

मोटारीनं परत आलो. रस्त्यातल्या एकेका खड्ड्याला मी मनातल्या मनात शिव्या मोजल्या. त्या सगळ्या जपून ठेवल्या आहेत, तारा निघाल्या की वापरायच्या.

आज सिद्रामप्पा घरी आले. स्वच्छ धोतर, कपाळभर विभूती, हातात तिळगुळाची वाटी. मागं गुरुपादप्पा, खाली मान घालून हसत.

"शरणार्थ विरूपाक्ष. तिळगूळ घ्या, गोड बोला."

दात बांधलेल्या माणसाला तिळगूळ, आणि वर म्हणे गोड बोला! तारामतीनं पुढं होऊन वाटी घेतली, ती चिडली की फार सभ्य वागते. सिद्रामप्पा पाटावर बसले. "झालं गेलं विसरून जा. आवाज काय आता पहिल्यावानी यायचा न्हाई, मी डाक्टरला विचारलंय. पण रुमालाला आवाज लागत न्हाई. ये परत पेढीवर. मुक्या दलालासारखा चांगला दलाल न्हाई."

गुरुपादप्पा फस्सकन हसला. माझा हात गळ्यातल्या कात्रीवर गेला. खरं सांगतो, पाती तारेवर टेकवलीसुद्धा. दोन शब्द, फक्त दोन शब्द बोलायचे होते आणि मग आवाज गेला तर जाऊ दे असं वाटलं. तारामतीनं माझं मनगट धरलं. घट्ट धरून ठेवलं. ते गेल्यावर तिनं तिळगूळ परड्यातल्या गाईला घातला. गाईनंसुद्धा हुंगून सोडला. शहाणी आहे.

पौष वद्य षष्ठी

आवाज येणार नाही, हे सिद्रामप्पांनी खरंच डॉक्टरला विचारलं असेल का? की मला खचवायला बोलले? दिवसभर हेच डोक्यात. आवाजाशिवाय मी कोण? दुकान नाही, शेत नाही, वडिलांनी ठेवलेलं काही नाही. तोंड हीच माझी पेढी होती.

तारामती माझं मन रमवायला काहीबाही विचारत असते. आज म्हणाली, "ते रुमालातलं कसं असतंय हो? शिकवा की." मी तिच्या हातावर दाखवलं. मनगट धरलं की दहा. मूठ धरली की पाच. अख्खं बोट म्हणजे एक रुपया, बोटाचं वरचं पेर म्हणजे चार आणे. बस्स, एवढंच. तिनं चारदा विचारलं. मनगट किती? पेर किती? डोक्यात शिरतच नाही तिच्या. मी वैतागलो, पण बरंही वाटलं, कुणीतरी माझ्याशी बोलून राहिलंय.

माघ शुद्ध तृतीया

तारामतीचं हळदीकुंकू काही संपत नाही. रथसप्तमीपर्यंत चालायचंच म्हणा, पण यंदा तिनं कहर केला आहे. गल्लीतल्या बायका झाल्या, आता गाड्यांच्या अड्ड्यावरच्या कुणब्यांच्या बायकांनाही बोलावून आणते. नवऱ्यांबरोबर माल घेऊन आलेल्या, ओळख ना पाळख. घरात पेजेला तांदूळ पुरवून वापरायचे दिवस आणि हिला वाण लुटायची हौस. मी पाटीवर लिहिलं तर म्हणाली, "वर्षाचा सण हाय."

आणि त्या बायका हलत नाहीत! माजघरात तासन्‌तास बसतात, एकमेकींचे हात पदराखाली घेतात आणि खिदळतात. एक म्हातारी तर ओरडली, "अगं हे पेर न्हाई, हे बोट हाय!" काय खेळ चालतो, देव जाणे. माझं डोकं दुखतं.

माघ शुद्ध सप्तमी

हणमंतराव येऊन गेले. औसा रस्त्याच्या पलीकडच्या गावचे कुणबी, गेली दोन वर्षं माझ्याकडेच माल घालतात. शेंगा काढून बसले आहेत. "इरूपाक्षप्पा, तुमच्याबिगर ढीग लावायचा न्हाई मी. बाजाराला येऊन राहिलो." मी तोंडाकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, "हे बघा, तुम्ही नुसतं उभं ऱ्हावा. लई झालं."

नुसता उभा राहून काय करू? रुमालाखाली हात घालू? तेच तर सिद्रामप्पांना हवंय. गेलो नाही तर हणमंतरावांचा माल रुमालात जाणार, गेलो तर मीच तो रुमालात घालणार. तारामतीला विचारलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "जावा. हात हाईत की तुमचे."

बायकांना धंद्यातलं काय कळतं.

माघ शुद्ध त्रयोदशी

आल्या आल्या लिहितोय, अक्षर वाकडं येईल. येऊ दे.

गंजात गेलो. डोक्याला पटका, गळ्यात लिंग आणि कात्री. हणमंतरावांचा ढीग लागलेला. सहा-सात आडते जमले, भोवती गाडीवान, हमाल, कुणबी. बायका गाड्यांवर बसलेल्या. मला बघून कुजबुज थांबली. मग गुरुपादप्पा मोठ्यानं म्हणाला, "मामा, बैलानं जीभबी खाल्ली का बघा की!"

लोक हसले. सगळे नाही, पण हसले. माझ्या हातात कात्री कधी आली ते मला कळलं नाही. पाती गालाच्या आत, थंडगार. तारेला लागली. एक दाब आणि मी बोलणार होतो. तेवढ्यात सिद्रामप्पांनी आपला हात रुमालात गुंडाळून पुढं केला. चेहऱ्यावर माया. "ये. लाजू नगो."

मी कात्री सोडली आणि रुमालाखाली हात घातला.

हणमंतरावांचं तोंड उतरलं, ते मी बघितलं. सिद्रामप्पांनी माझं मनगट दाबलं, मग मूठ. पंधरा. हणमंतरावांना ते बारा सांगणार होते, मला त्यांची सवय माहीत आहे. मी हात बाहेर काढला, त्याबरोबर रुमालही ओढून काढला आणि ढिगावर चढलो. डावा हात डोक्याच्या वर धरला. उजव्या हातानं त्याचं मनगट धरलं. मग मूठ धरली.

 मला वाटलं, संपलं. यांना काय कळणार? पिढ्यान्‌पिढ्या हे रुमालाखाली झाकलेलं. मी बावळटासारखा स्वतःचाच हात धरून उभा.

आणि गाड्यांवरून एक म्हातारी ओरडली, "धा आन्‌ पाच! पंदरा!"

मग दुसरी. "पंदरा बोलून राहिले सिद्रामप्पा!" मग सगळा अड्डा. पुरुष बायकांकडे वळून बघायला लागले आणि मग तेही. कोपऱ्यातला एक आडता, सिद्रामप्पांचा जुना वैरी, त्यानं तिथूनच आपलं मनगट, मूठ आणि एक बोट धरून दाखवलं. मी तसंच दाखवलं. "सोळा!" दुसरा चढला. माझी बोटं आणि त्यांचे आवाज. मी कधी एवढ्या मोठ्यानं पुकारलं नव्हतं. उभ्या जन्मात नाही.

गुरुपादप्पा पुढं आला, मूठ वळलेली. मी ढिगावरून वाकलो आणि डावा गाल त्याच्याकडे केला. मार. सगळा गंज बघतोय, मार. आता बैल म्हणून भागणार नव्हतं. तो तसाच उभा राहिला. मग मागं सरकला आणि हमालांत मिसळून गेला.

मनगट, मूठ, दोन बोटं, एक पेर. "सव्वासतरा!" असा गलका झाला की काट्यावरची कबुतरं उडाली. हणमंतराव रडत होते. मीही रडत होतो, तारांमधून श्वास कोंडेपर्यंत. सिद्रामप्पांचा रुमाल मी जबड्याला बांधून घरी आलो.

या लोकांना बोटं कशी कळली, याचा मी वाटभर विचार केला. मला वाटतं, इतकी वर्षं बघून बघून सगळं माहीत होतं लेकांना, आणि मला उगाच घसा फोडायला लावला! घरी आल्यावर तारामतीला पाटीवर विचारलं, 'यांना कुणी शिकवलं?' ती पेज गाळत होती. म्हणाली, "मला काय म्हाईत."

माघ वद्य चतुर्थी, नांदेड

आज तारा निघाल्या. माझ्याच गळ्यातल्या कात्रीनं. एकेक तार तुटताना कानात टक्‌ टक्‌ वाजत होतं. तोंड बोटभरच उघडतं, जबडा गंजलेल्या कडीसारखा झालाय. हळूहळू उघडेल, म्हणाले डॉक्टर. आवाजही येईल. सिद्रामप्पांनी त्यांना काही विचारलं नव्हतं, हेही मी पाटीवर विचारून घेतलं.

"आता पाटी ठेवा," डॉक्टर म्हणाले. "बोला काहीतरी."

केवढ्या शिव्या साठवल्या होत्या! रस्त्यातल्या खड्ड्यांच्या, तिळगुळाच्या, पेजेच्या. एकही आठवेना. डॉक्टरांनी रजिस्टर उघडून माझं पान काढलं. टाक दौतीत बुडवला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "बैलच ठेवायचा ना?"

माझ्या मनात आलं, इतके दिवस मी लोकांचा भाव उघडा करत हिंडलो आणि माझा स्वतःचा रुमालाखाली झाकून बसलो. कुणाची अब्रू राखली मी? ज्यानं मारलं त्याची.

"न्हाई," मी म्हणालो. आवाज कसला, नुसती खरखर. लाळ गळाली. ती पुसली आणि पुन्हा म्हणालो, जमेल तेवढ्या मोठ्यानं. "माणसानं. गुरुपादप्पा, सिद्रामप्पांचा भाचा. लातूर गंज. समोरून. अदालतीत बी हेच सांगतो."

व्हरांड्यापर्यंत ऐकू गेलं असावं, कारण बाहेरची बोलणी थांबली. दाराशी बाकावर विठाबाई बसली होती, डोळा दाखवायला आलेली. शेजारी तारामती. दोघींचे हात पदराखाली, बायकांचं आपलं काहीतरी. डॉक्टर बैलावर आडवी रेघ ओढत होते तेव्हा विठाबाई उठली. गालावरचा पदर तिनं बाजूला केला, गाल अजून आत गेलेलाच आहे. चौकटीला धरून उभी राहिली आणि म्हणाली,

"डाक्टरसाब, माझाबी बैल खोडा."